बुधवारची दहाची मॅच

गुडघा गेला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, आणि संध्याकाळचं काय करायचं हे मला कळेनासं झालं. वीस-बावीस वर्षं मी कारेलीबागच्या एकाच फुटबॉल टीमकडून खेळलो होतो. आता ऑफिसातून आलो की हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, असा फिरत राहायचो. फ्रीज उघडायचा, काही न घेता बंद करायचा. महिनाभर हे पाहिल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही रोज कुठेतरी जात चला. पण घरात असे फिरू नका."

त्याच सुमारास आमच्या लीगचं वेळापत्रक करणारे गृहस्थ मुलाकडे अहमदाबादला राहायला गेले. लीग म्हणजे काही मोठं नव्हे. सहा टीम, सगळे नोकरी-धंदेवाले, हौशी. बडोद्याच्या उन्हाळ्यात दिवसा कुणी खेळू शकत नाही, म्हणून हरणीजवळच्या एका मैदानावर दिव्यांखाली रात्रीच्या मॅच व्हायच्या. बुधवार आणि शनिवार. साडेसात, पावणेनऊ आणि दहा, अशा तीन वेळा. सव्वाअकराला आजूबाजूच्या सोसायट्यांसाठी दिवे बंद करावे लागायचे.

आमच्या टीमचा कॅप्टन माझा शाळेपासूनचा मित्र. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, गुडघे शाबूत, अजून खेळतो. त्यानेच माझं नाव पुढे केलं. मी एका केमिकल कंपनीत आहे आणि तिथे शिफ्टचे तक्ते मीच करतो. दीडशे माणसांच्या पाळ्या लावणाऱ्याला सहा टीमचं काय, असं तो सगळ्यांना म्हणाला. मीही तसंच म्हणालो, बहुतेक त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

सगळ्यांना नको असायची ती दहाची मॅच. ती संपवून घरी पोचायला साडेअकरा, अंघोळ-जेवण करून झोपायला साडेबारा-एक. आधीच्या गृहस्थांवर सगळ्यांचा राग त्याच मॅचवरून होता. ओळखीच्या टीमला ते साडेसातची वेळ देतात, असं बोललं जायचं. मी ठरवलं, आपल्या तक्त्यात असं बोलायला जागाच ठेवायची नाही. दहा रात्री, प्रत्येक रात्री तीन मॅच, म्हणजे दहाच्या मॅच दहा. प्रत्येक मॅचला दोन टीम, म्हणजे वीस जागा. त्या सहा टीमना वाटल्या तर चौघांच्या वाट्याला तीन-तीन आणि दोघांच्या वाट्याला चार-चार. कुणाला चार, हे मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. रेल्वेवाल्यांची टीम आणि कॉलेजच्या मुलांची टीम. आमच्या टीमला तीन आल्या.

हा तक्ता मी लॅपटॉपवर रंगांत केला. बायकोला दाखवला. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि छान दिसतोय म्हणाली. मला ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून मी तिला पुन्हा समजावून सांगितलं. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि घरात वडलांपर्यंत एकच शिकवण चालत आली: पंगतीत वाढताना समोर कोण बसलंय हे बघायचं नाही, सगळ्यांना सारखं वाढायचं. मी ते फार लहानपणापासून ऐकलं होतं. त्यावर कधी विचार करावा असं वाटलं नव्हतं.

तक्ता ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी दोघेजण भेटायला आले.

पहिला लहरीपुऱ्याच्या टीमचा कॅप्टन. त्याचं साड्यांचं दुकान आहे आणि त्याच्या टीममधले सगळे तिथल्याच बाजारातले, कुणी मालक, कुणी काउंटरवर उभे राहणारे. तो गुजराती, पण माझ्याशी बोलताना निम्मं मराठी बोलतो. त्याचं म्हणणं होतं की साडेसातला दुकानात पाय ठेवायला जागा नसते, लग्नसराई आहे, त्याला साडेसातची मॅच अजिबात देऊ नका. मी म्हटलं, साडेसात सगळ्यांना हवी असते, तुम्हाला नको हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. तो म्हणाला, ऐकताय तर लिहून घ्या. मी लिहून घेतलं नाही. एकाचं ऐकलं तर सहाही जणांचं ऐकावं लागेल, नियम सगळ्यांना सारखा, असं त्याला सांगितलं. तो हसला आणि चहा न घेता गेला.

दुसरा रेल्वेवाल्यांचा गोलकीपर. तिशीचा, मूळचा खानदेशातला, चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी बडोद्याला आला. बोलणं कमी. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी बूट काढायला तयार नव्हता. त्याची ड्युटी शहराबाहेरच्या एका छोट्या स्टेशनावर होती आणि गुरुवारी त्याला सकाळी सहाला हजर व्हावं लागायचं. आमच्या चार दहाच्या मॅचपैकी तीन बुधवारी आल्यात, त्यातल्या एक-दोन शनिवारी होतील का, असं त्याने विचारलं. मी लॅपटॉप दारातच आणला आणि तक्ता उघडून दाखवला. तीन, तीन, तीन, तीन, चार, चार. बोट ठेवून मोजून दाखवलं.

"बरं दादा," एवढंच म्हणून तो गेला.

त्याचं ते 'बरं' दिवसभर माझ्या डोक्यात होतं. भांडला असता तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. मी दोनदा तक्ता उघडून पुन्हा मोजला. आकडे बरोबर होते.

लीग सुरू झाली. मी प्रत्येक रात्री मैदानावर जायचो. खुर्ची होती, पण बसवत नसे. टच लाइनच्या कडेने, खेळ ज्या टोकाला चालू असेल त्याच्या उलट टोकाला, मी येरझारा घालायचो. वरून विमान उतरायला लागलं की त्याच्या आवाजात शिट्टी ऐकू यायची नाही आणि खेळ आपोआप थांबायचा. लहरीपुऱ्याची टीम साडेसातच्या मॅचला एकदा पाचच जण घेऊन आली. बाकीचे दुकान सोडू शकले नव्हते. सातजणांविरुद्ध पाचजण धावत राहिले आणि सहा गोलांनी हरले. त्यांचा कॅप्टन मॅच संपल्यावर घामाघूम होऊन माझ्यासमोरून गेला. मी मनात म्हटलं, वेळ पाळायला नको का.

पाचव्या रात्री, बुधवारी, दहाची मॅच रेल्वेवाल्यांची होती. आधीच्या दोन मॅच लांबल्या, ती सव्वादहाला सुरू झाली. गोलकीपर दोन्ही खांबांना हात लावून उभा राहिला, नेहमीसारखा. उत्तरार्धात एक साधा, जमिनीवरून आलेला चेंडू त्याच्या हातातून सुटून आत गेला. तो जाळीतून चेंडू काढून आणताना मी पाहिलं, त्याने तोंडावर हात धरून जांभई दिली. दिवे बंद करायला सांगून मी घरी आलो आणि झोपलो. मला गुरुवारी नऊला निघायचं होतं.

सकाळी आठला ग्रुपवर निरोप होता. गोलकीपर पहाटे ड्युटीवर जाताना बाइकवर पेंगला आणि डिव्हायडरला धडकला. खांद्याचं हाड मोडलं. डोक्याला लागलं नाही, हेल्मेट होतं. त्याखाली सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. मीही टाकलं. मग ते काढून टाकलं.

त्या दिवशी ऑफिसात मी एका पाळीवर एकाच माणसाचं नाव दोनदा टाकलं. असं मी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी साडीच्या दुकानातून फोन आला. वेळ असेल तर जरा या, एवढंच. लहरीपुऱ्याच्या दरवाज्याशी नेहमीची गर्दी, स्कूटर कुठे लावावी कळेना. लावली आणि चालत गेलो. दुकान खरंच भरलेलं होतं. गाद्यांवर बायका बसलेल्या, समोर साड्यांचा ढीग, चार माणसं एकावेळी घड्या उलगडतायत. साडेसात वाजले होते. हीच ती वेळ. त्याने मला गल्ल्यामागे बसवलं आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला. माझाच तक्ता त्याने गुजराती अक्षरांत हाताने उतरवला होता.

"आ जुओ, भाई," तो म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

त्याने प्रत्येक टीमच्या दहाच्या मॅचपुढे वार लिहिले होते. मी फक्त संख्या मोजली होती. रेल्वेवाले: बुधवार, बुधवार, बुधवार, शनिवार. लहरीपुरा: बुधवार, शनिवार, बुधवार. कारेलीबाग, म्हणजे आमची टीम: शनिवार, शनिवार, शनिवार. तिन्हीच्या तिन्ही. दुसऱ्या दिवशी रविवार, उशिरा उठलं तरी चालेल. आमच्या नावाभोवती त्याने लाल पेनाने गोल काढला होता.

मी म्हटलं की हे योगायोगाने झालंय. तो म्हणाला, असेल. मग त्याने आवाज न चढवता, एका गिऱ्हाइकाला हाताने थांबवत, मराठीत सांगितलं, "आम्हाला तर दहाचीच पाहिजे होती. रोजची दिली असती तरी घेतली असती. तुम्ही विचारलंच नाही."

दुकानं नऊला बंद होतात आणि सकाळी दहाला उघडतात. त्यांना उशिराची मॅच सोयीची होती. सगळी लीग जी मॅच टाळायला बघत होती, ती एका टीमला हवी होती. हे तो पहिल्या दिवशी सांगायला आला होता, आणि मी त्याला अर्ध्यावरच नियम ऐकवला होता.

घरी आलो, जेवलो, आणि पुन्हा हॉल-गॅलरी-स्वयंपाकघर सुरू झालं. योगायोग? मी लॅपटॉप उघडला. तक्त्याच्या जुन्या प्रती ठेवायची मला सवय आहे. पहिल्या प्रतीत आमची एक मॅच बुधवारी दहाला होती. दुसऱ्या प्रतीत ती शनिवारी गेली होती आणि तिच्या जागी रेल्वेवाले आले होते.

मग आठवलं. तक्ता करत होतो त्याच आठवड्यात मी आणि माझा कॅप्टन मित्र सेव-उसळ खायला गेलो होतो. खाता खाता तो म्हणाला होता, "बुधवारी उशिराची नको हं, गुरुवारी सकाळी माझी मीटिंग असते." मी हसून म्हटलं होतं की माझ्याकडे वशिला चालत नाही. आणि घरी येऊन ती मॅच हलवली होती. वशिला म्हणून हलवली नव्हती, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. हलवताना मनात काहीतरी दुसरंच कारण होतं, मैदान, विश्रांती, असं काहीतरी. ते कारण मला त्या रात्री आठवेना, आणि आजही आठवत नाही. बाकीच्या दोन शनिवारच्या मॅच तर पहिल्यापासूनच तशा होत्या. त्या तशा का लावल्या, हेही मला माहीत नाही.

बायको पाणी प्यायला उठली तेव्हा मी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, त्या मुलाला भेटून आलात का?

शनिवारी दुपारी मी रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं. तो पलंगावर टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मला बघून उठायला लागला, मी नको म्हटलं. तिने चहा आणला आणि स्टूलवर ठेवून तीही तिथेच उभी राहिली. मी येताना ठरवून आलो होतो काय बोलायचं ते. त्यातलं काही बोललो नाही. सरळ सांगितलं की तुझी तिसरी बुधवारची मॅच, याच आठवड्यातली, मुळात आमच्या टीमची होती, मी ती हलवली, आणि त्या जागी तुमची टीम आली.

बाइकवर मी झोपलो, तुम्ही नाही, असं काहीतरी तो म्हणाला. मी म्हटलं, तसं नाही. मग तो म्हणाला, "दादा, मी विचारायला आलो होतो. तुम्ही मोजून दाखवलंत. मला मोजता येतं."

त्याची बायको कप उचलून आत गेली. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी अजून दहा मिनिटं बसलो, प्लास्टर किती दिवस, सुट्टी किती, हे विचारलं, आणि निघालो. जिन्यात मला इतकं गरम झालं की खाली येऊन मी पाण्याच्या नळाखाली डोकं धरलं.

संध्याकाळी मॅच सुरू व्हायच्या आधी मी सहाही टीमच्या लोकांना मैदानाच्या पायऱ्यांवर बोलावलं. निम्मी लीग झाली होती, पाच रात्री उरल्या होत्या. मी सगळं सांगितलं. जुनी प्रत, नवी प्रत, सेव-उसळ. मित्र पहिल्या पायरीवर बूट बांधत होता. माझं बोलणं चालू असताना तो बांधायचा थांबला. मग मी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला कोणती वेळ जमत नाही ते प्रत्येकाने सांगा. नियम बाजूला ठेवा.

अर्धा तास गोंधळ. पण त्या गोंधळातून जे निघालं ते माझ्या रंगीत तक्त्यात कधीच निघालं नसतं. लहरीपुऱ्याला रोज दहाची चालणार होती. रेल्वेवाल्यांना बुधवारी साडेसात हवी होती. कॉलेजच्या मुलांना बुधवारी काहीही चालत होतं, शनिवारी मात्र काहीजण गावी जायचे. दुसऱ्या फेरीत, म्हणजे उरलेल्या पाच रात्रींत, लहरीपुऱ्याला प्रत्येक टीमशी एकदा खेळायचं होतं. म्हणजे रेल्वेवाल्यांशी त्यांची मॅच शनिवारी ठेवली की झालं. फक्त उरलेल्या दोन बुधवारी लहरीपुऱ्याशी दहाला कुणीतरी खेळायला हवं होतं. एका बुधवारी कॉलेजची मुलं तयार झाली. दुसऱ्या बुधवारसाठी सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मी म्हटलं, कारेलीबाग.

मित्र उभा राहिला. "मला विचारलंस?" तो म्हणाला. "आत्ताच सगळ्यांना विचारत होतास ना?"

त्याचं बरोबर होतं. मी त्याला विचारलं नव्हतं. मी पुन्हा ठरवून टाकलं होतं, या वेळी उलट्या बाजूने. पण तेव्हा मागे सरायची माझी तयारी नव्हती. त्याच्या पायाशी अजून न बांधलेली नाडी लोंबत होती. तो म्हणाला की माझ्या एका वाक्यावरून तू चारचौघांत मला उभं केलंस, आता शिक्षाही टीमला देतोस. मग इतरांकडे वळून म्हणाला, "चालेल, आम्ही खेळू." आणि मैदानात गेला.

त्या बुधवारी मी गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. आमची टीम दहाला मैदानात उतरली, मित्र पूर्ण वेळ धावला, पंचेचाळिशीच्या माणसाने धावावं त्याच्या दुप्पट. बरोबरी झाली. मॅच संपल्यावर त्याने लहरीपुऱ्याच्या प्रत्येक खेळाडूशी हात मिळवला, रेफ्रीशी मिळवला, माझ्या शेजारून तसाच पुढे गेला आणि स्कूटर सुरू केली. गुरुवारी सकाळी त्याची मीटिंग होती. मी घड्याळ बघितलं, सव्वाअकरा होऊन गेले होते. तो घरी किती वाजता पोचला असेल, कधी झोपला असेल, सकाळी स्कूटर नीट चालवेल ना, हे सगळं माझ्या डोक्यात पहाटेपर्यंत चालू राहिलं. साडेआठला मी त्याच्या बायकोला उगीचच फोन केला. ते ऑफिसला गेले, ती म्हणाली. काही काम होतं का? मी नाही म्हटलं.

गोलकीपर त्या वर्षी खेळला नाही. पण शेवटच्या दोन शनिवारी तो मैदानावर आला, गळ्यात हात बांधून, आणि गोलच्या मागे बसून आपल्या जागी उभ्या राहिलेल्या नवख्याला सूचना देत राहिला. मला बघून त्याने मान हलवली. रेल्वेवाले तिसरे आले. लहरीपुरा दुसऱ्या फेरीत एकही मॅच हरला नाही. त्यांच्या कॅप्टनने दुकानात बोलावून मला आणि बायकोला चहा पाजला, आणि बायकोने जी साडी घेतली त्यात एक पैसाही कमी केला नाही. मला ते आवडलं.

मित्राचं आणि माझं बोलणं-चालणं वर्षभर बंद होतं. कारेलीबागच्या भाजीवाल्यापाशी दोनदा समोर आलो, दोन्ही वेळा तो कोथिंबीर निवडण्यात गुंतला. आमच्या बायका एकमेकींशी बोलत होत्या, त्यामुळे एकमेकांच्या घरी काय चाललंय हे कळायचं. मला वाटायचं, जाऊन माफी मागावी. मग वाटायचं, कशाची? मॅच हलवल्याची, सांगितल्याची, की न विचारता त्याच्या टीमचं नाव घेतल्याची? प्रत्येक वेळी वेगळं उत्तर यायचं आणि मी जायचो नाही.

पुढच्या मोसमात लीगने मलाच विचारलं. मी म्हटलं, एकट्याने करणार नाही. साडीवाला माझ्याबरोबर बसायला तयार झाला. मार्चमध्ये आम्ही त्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसलो आणि एकेक कॅप्टनला बोलावलं. गोलकीपर आता रेल्वेवाल्यांचा कॅप्टन झाला होता. तो पहिला आला आणि या वेळी बूट काढून आत बसला.

सगळ्यांत शेवटी माझा मित्र आला. त्याने हातात एक वहीचं पान आणलं होतं. त्यावर त्याच्या टीममधल्या चौदा जणांची नावं आणि प्रत्येकापुढे कामाच्या वेळा, कुणाला रात्रपाळी, कुणाच्या घरी आजारी माणूस, कुणाची बायको बुधवारी क्लास घेते, सगळं बारीक अक्षरांत. ते पान त्याने साडीवाल्यापुढे ठेवलं आणि त्याच्याशीच बोलला. साडीवाल्याने ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे सरकवलं.

मी पेन उघडलं. पहिल्या नावापाशी वेळ नीट लागत नव्हती, साडेआठ आहे की साडेनऊ.

"हे साडेआठ ना?" मी विचारलं.

"साडेनऊ," तो म्हणाला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, पण मला म्हणाला.